खोल नांगरट की शून्य मशागत? किडींच्या बाजूने पाहू

नांगर घालावा की न नांगरता थेट पेरावं (म्हणजेच शून्य मशागत), असा पेच असेल तर आधी एकच प्रश्न: तुमच्या शेतातली कीड सुप्तावस्थेत कुठे लपते?

हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे कोष जमिनीत असतात, मुळं खाणारी हुमणी अळीही मातीतच. उन्हाळ्यात खोल नांगरलं की ते उघडे पडतात. काही उन्हात मरतात, काही पक्षी टिपतात. खोडकिडा धसकटांत (कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांत) दडतो, तीही गाडली जातात. पण हुमणी खोल गेलेली असेल तर फाळ तिथवर पोचत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

शून्य मशागतीत हे कोष वाचतात. पालापाचोळ्यात रोपं कुरतडणाऱ्या अळ्या आणि गोगलगायीही वाढू शकतात. मात्र त्याच आच्छादनात कोळी आणि शिकारी भुंगेरे टिकतात, अंडी-अळ्या फस्त करतात. मला ही बाजू फार मोलाची वाटते, कारण नांगराने मित्रकीटकांची घरंही मोडतात.

खर्च, इंधन, मातीची धूप: तिन्हींत शून्य मशागत सरस.

हुमणी, घाटेअळी दरवर्षी छळत असेल तर नांगरा. उताराची, ओल न धरणारी जमीन असेल आणि पिकांची फेरपालट, नियमित पाहणी जमत असेल तर शून्य मशागत निवडा.