चेनजियागोउत चौदा दिवस : ताईचीच्या गावातल्या एका शाळेचा रिव्ह्यू

शिकवण्याला दहापैकी नऊ, ऑफिसच्या कारभाराला दहापैकी तीन. कुणी घाईत असेल तर एवढं पुरे, बाकी ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव टाकत नाहीये, कारण जे खटकलं ते ऑफिसमुळे खटकलं आणि ज्यांनी जीव ओतून शिकवलं त्यांच्या पोटावर पाय द्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

चेनजियागोउ हे चीनच्या हेनान प्रांतातलं, वेनशियन तालुक्यातलं गाव, ताईची या संथ चालींच्या चिनी युद्धकलेसाठी प्रसिद्ध. झेंगझोउला उतरायचं, गाडी करायची, पिवळी नदी ओलांडायची आणि गावात शिरलं की दोन्ही बाजूंना ताईचीच्या शाळाच शाळा, मोठ्या वसतिगृहवाल्यांपासून ते घरच्या अंगणात पाच-सहा जणांना घेऊन चालणाऱ्या वर्गापर्यंत. मी गेले ती मधल्या आकाराची होती. राहणं-जेवण धरून चौदा दिवसांचे ४२०० युआन घेतले. गादी कडक, गरम पाणी फक्त संध्याकाळी, जेवण साधं पण पोटभर, नूडल्स, वाफवलेले पाव आणि या भागातला तो प्रसिद्ध बारीक लांब कंद, ज्याला इथले लोक लोखंडी काठी म्हणतात. राहण्याजेवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता मुख्य गोष्ट. मी सहा वर्षं यांग घराण्याची ताईची करतेय, सुरुवात १९५६ साली बसवलेल्या त्या २४ चालींच्या सेटने झाली आणि मग लांब सेट. या गावची चेन पद्धत कधीच केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लानझायी ही चाल करत होतो, उजवा हात गोल फिरून बाहेर उघडतो ती, आणि शिफू, म्हणजे आमचे गुरुजी, माझ्यापाशी येऊन थांबले, माझं मनगट दोन बोटांत धरलं, थोडं हलवून बघितलं आणि म्हणाले, हा हात यांगचा आहे. रागाने नाही, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं म्हणाले. दुपारी जेवण झाल्यावर मला सोबत चल म्हणाले आणि गावातल्या एका जुन्या वाड्यावर घेऊन गेले, तर ती जागा म्हणजे यांग लुचान जिथे शिकले ते अंगण. यांग लुचान (१७९९ ते १८७२) हे हेबेई प्रांतातल्या योंगन्यानचे, चेन कुटुंबातले नव्हतेच, पण चौदाव्या पिढीच्या चेन चांगशिंग यांच्याकडे इथे शिकले आणि पुढे बीजिंगला जाऊन नाव काढलं. मी सहा वर्षं जे करत होते ते याच अंगणातून बाहेर पडलं होतं. ते लपून बघत शिकले वगैरे कथा सगळीकडे सांगतात, शिफूंनीही सांगितली पण लगेच म्हणाले की ती कथाच आहे.

शिफूंनी तिथेच उभ्या उभ्या सगळा वंशवेल सांगितला आणि तो ऐकताना मला पहिल्यांदा नीट कळलं की ही सगळी घराणी एकमेकांची सख्खी-चुलत कशी लागतात. यांग लुचानकडून वू यूशियांग शिकले, मग तेच शेजारच्या झाओबाओ गावात चेन छिंगपिंगकडेही गेले, त्यातून एक वेगळं वू घराणं झालं. यांगांकडेच शिकलेल्या छुआनयोउंच्या मुलाने, म्हणजे वू ज्यानछुआन यांनी, दुसरं वू घराणं उभं केलं, चिनीत दोन्ही वूंची अक्षरं वेगळी आहेत पण आपल्या कानाला सारखीच, त्यामुळे लोक कायम घोळ घालतात. पहिल्या वूंच्या फांदीतले हाओ वेईझेन, त्यांच्याकडे सुन लुतांग शिकले, जे आधीच शिंगयी आणि बागुआ या दुसऱ्या दोन चिनी युद्धकलांत मुरलेले होते, म्हणून सुन पद्धतीत पायांची चाल इतकी हलकी आणि चपळ. आणि मागे जायचं तर नवव्या पिढीचे चेन वांगतिंग, मिंग राजवट संपत असतानाचे, त्यांच्यापासून गावकरी सुरुवात मानतात. वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या दंतकथेतल्या साधूपासून सुरुवात मानणारेही पुष्कळ आहेत, ते इथे बोलू नका एवढंच सांगेन, जुना वाद आहे.

पण यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. लाओजिया आणि शिनजिया, म्हणजे जुनी चौकट आणि नवी चौकट (चौकट म्हणजे चालींमधली शरीराची मांडणी), हे दोन प्रकार एकाच गावात का, हे कुठेच कुणी धड सांगत नाही. झालं असं की १९२८ मध्ये याच गावातले चेन झाओपी बीजिंगला शिकवायला गेले, मग त्यांना नानजिंगचं बोलावणं आलं, तर त्यांनी आपल्या जागी नात्याने काका लागणारे चेन फाके यांना बीजिंगला आणलं. फाके १९५७ ला वारले तोवर बीजिंगमध्येच शिकवत राहिले. इकडे गावात शिकवणारं कुणी फारसं उरलं नव्हतं, तेव्हा १९५८ मध्ये चेन झाओपी पासष्टीच्या घरात असताना गावी परतले आणि पोरं गोळा करून शिकवायला लागले. उपासमारीची वर्षं, मग सांस्कृतिक क्रांती, त्यांचे फार हाल झाले, रात्री लपून सराव करायचे. १९७२ च्या शेवटी ते गेले. त्यानंतर फाके यांचे चिरंजीव चेन झाओखुई बीजिंगहून गावी येऊन शिकवून गेले, वडिलांनी मांजलेली ती रचना गावाला नवी वाटली म्हणून तिचं नाव शिनजिया पडलं. चेन शाओवांग, चेन झेंगलेई, वांग शीआन, झू त्यानत्साय, ज्यांना चार वज्रपाल म्हणतात, ते या दोघांकडेही शिकले. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाने नको तो काळ असतानाही हट्टाने पोरांना शिकवलं नसतं तर आज या गावात हा वारसा कुणी पुढे नेला असता की नाही सांगता येत नाही. हे शिफू सांगत होते तेव्हा मी वही बंद करून नुसती ऐकत बसले.

शिकवण्याची पद्धत. सकाळी सहाला उभं राहून झानझुआंग, मग रेशीम गुंडाळायचे व्यायाम ज्यांना चानसी म्हणतात, मग लाओजिया यीलू, म्हणजे जुन्या चौकटीचा पहिला सेट. दुपारी परत तेच. संध्याकाळी तुईशोउ, म्हणजे समोरासमोर हातांना हात लावून ढकलण्याचा सराव. या सगळ्यात खरं शिक्षण होतं ते नीए-जियाझमध्ये, शब्दशः चौकट चिमटीने घडवणं, कुंभार ओल्या मातीचं करतो ना तसं. दानब्यान या चालीत तुम्ही थांबता, हात पसरलेले, शिफू येऊन एक तळवा माकडहाडावर ठेवतात, दुसरा छातीवर, कंबर दोन बोटं खाली दाबतात, उजव्या जांघेची खोबण किंचित आत वळवतात, खांदा बोटाने टोचून खाली सोडायला लावतात, आणि मग तुम्हाला तसंच सोडून पुढच्या माणसाकडे निघून जातात. पहिले दहा सेकंद काहीच वाटत नाही, मग मांडी थरथरायला लागते, हनुवटीवरून घाम टपकतो आणि तुम्ही नकळत अर्धा इंच वर येता. पाठ केलेले शिफू तिकडूनच शिया, शिया म्हणतात, खाली, खाली. त्यांना कसं कळतं माहीत नाही. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की गुडघा दुखायचा थांबलाय, कारण सहा वर्षं मी वजन गुडघ्यावर घेत होते आणि आता ते जांघेत जात होतं.

जिनगांग दाओद्वेई, ज्यात उजवा पाय जमिनीवर आपटायचा आणि मूठ डाव्या तळव्यात पडते, त्यावर दोन दिवस घालवले. मी आपटायचे तर टाच वाजायची, टक्क. शिफू त्याच विटेवर उभे राहून आपटायचे तर नुसतं धप्प, आणि विटांच्या फटीतली धूळ उडायची. जोर लावू नकोस, पाय पडू दे, एवढंच म्हणायचे. सहाव्या दिवशी एकदाच तसा आवाज आला आणि थोरल्या गुरुबंधूंनी लांबूनच हसून मान हलवली.

आता वाईट. वेबसाइटवर ज्या प्रसिद्ध मास्तरांचा फोटो आहे ते चौदा दिवसांत दोनच सकाळी आले, अर्धा अर्धा तास, फोटो काढले आणि गेले. मला शिकवलं ते त्यांच्या शिष्यांनी, आणि उत्तम शिकवलं, पण हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय हरकत होती? दुसरं जास्त लागलं. दहाव्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंनी बोलावून बायशी करणार का विचारलं. बायशी म्हणजे आपल्याकडे गायक गंडा बांधून घेतात तसं, रीतसर शिष्य होणं. पाकिटाची रक्कम, जेवणाचा खर्च, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आणि वंशवेलीत माझं नाव, अमुक पिढी म्हणून, सगळा हिशेब कागदावर तयार. दहा दिवसांत! मास्तरांना माझं नावही माहीत नव्हतं. या परंपरेत गुरू आणि शिष्य एकमेकांना वर्षानुवर्षं पारखतात, मध्ये कुणीतरी जामीन राहतो, हस्तलिखित पत्र देतात, गुडघे टेकून चहा देतात. शिफू शब्दातला फू म्हणजे बापच, गुरूची बायको शिमू म्हणजे आई, गुरूचा गुरू आजोबा, बरोबरचे सगळे भाऊ-बहिणी. नातं जोडायचा तो विधी आहे, त्याचं पॅकेज कसं होईल? मी नको म्हटलं, बाईंचा चेहरा पडला, शेवटच्या दिवशी पावतीसाठी दोन तास ताटकळत ठेवलं. ज्या शिफूंनी मला रोज शिकवलं त्यांच्या कानावर घातलं तर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, पुन्हा येशील तेव्हा जांघ बघू.

जायचं असेल तर एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, थंडीत अंगणात पहाटे बोटं बधिर होतात. जाड तळव्याचे बूट नेऊ नका, जमीन पायाला कळली पाहिजे. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, ते चौकट उंच ठेवून शिकवतात. थोडंफार चिनी शिकून जा, भाषांतर करणारा मुलगा गोड आहे पण त्याला या विषयातले शब्द येत नाहीत. चौदा दिवसांत यीलूचा एक तृतीयांश भाग झाला माझा, पूर्ण सेट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की रोज सकाळी चौकट दुरुस्त कोण करणार, फोटोतले मास्तर की दुसरं कुणी, आणि ते कुणाकडे किती वर्षं शिकले.

मी सप्टेंबरमध्ये परत जातेय. शिफूंनी स्वतःचा नंबर दिलाय, त्यांच्या घराच्या अंगणात चार जणांची जागा आहे.