मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र, द्राक्षबागायतदाराचा रिव्ह्यू

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मोठ्या टायपातलं मराठी बायबल मिरजेतून घेतलं होतं, आता चांगलं वापरून झालंय म्हणून लिहितोय. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. रिव्ह्यू अक्षराचा आणि बाइंडिंगचा आहेच पण खरं म्हणजे देवावर अवलंबून राहायला शिकण्यात या प्रतीचा काय उपयोग झाला त्याचा आहे.

आधी वस्तूबद्दल. अक्षर एकदम स्पष्ट, पहाटे बागेत जायच्या आधी घरातल्या साध्या बल्बखाली आरामात वाचता येतं. जुन्या कराराची 39 आणि नव्याची 27 अशी 66 पुस्तकं एकाच ठिकाणी म्हटल्यावर जाडजूड आणि जड आहे, हातात धरून फार वेळ वाचता येत नाही, मांडीवर नाहीतर टेबलावर ठेवा. कागद पातळ आहे पण तो कुठल्याही बायबलचा असतोच, शाईच्या पेनाने खुणा करू नका, पेन्सिल वापरा. प्रत्येक भागाला मथळा आहे त्यामुळे हवं ते पटकन सापडतं. पानांच्या मानाने किंमत फारच कमी वाटली.

आता मुख्य गोष्ट. योहान 15 मध्ये येशू म्हणतो मी वेल, तुम्ही फांद्या, माझ्याशिवाय तुम्हाला काही करता येणार नाही. हा अध्याय मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खूपदा ऐकलेला, पण द्राक्षवाल्याने तो स्वतः सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यात लिहिलंय की फळ देणाऱ्या फांदीलाच बाप, म्हणजे देव, छाटतो, जास्त फळ यावं म्हणून. आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको, बाग पार उघडीबोडकी दिसते. आणि घड धरायचं काम त्या छाटणीनंतरच्या महिन्यांतच काडीच्या, म्हणजे फांदीच्या, डोळ्यात आतल्या आत सुरू होतं, बाहेरून काहीच कळत नाही, दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. विश्वासाची वाढ अशीच होते असं मला आता पक्कं वाटतं. प्रार्थना केली आणि लगेच काही दिसलं नाही म्हणून आत काही चाललं नाही असं नसतं, काडीचं काम फक्त वेलीला धरून राहायचं.

काही जण म्हणतात देवावर सोडलं म्हणजे फवारणी बंद करायची का? अजिबात नाही ओ. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी या बुरशीच्या रोगासाठी रात्री सुद्धा पंप घेऊन पळावं लागतं, ते मी करतो, पण पाऊस माझ्या हातात नाही आणि मार्केटचा भाव तर नाहीच नाही, ते मी देवाच्या हातात देतो आणि झोपतो. नीतिसूत्रे 3:5 वाचा, आपल्याच बुद्धीवर टेकून राहू नको असं सांगितलंय, बुद्धी वापरू नको असं नाही. आणि हबक्कूक 3:17-18, वेलींना फळ नसलं तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्या सीझनला माल गेला त्या सीझनला हे वचन आम्ही घरात सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचलं, बायको रडली, मी पण, आणि तरी पुढच्या छाटणीला बागेत उतरलो.

नवीन वाचणाऱ्याने सुरुवात निर्गम 16 पासून करावी. मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोजचा रोज गोळा करायचा, साठवून ठेवला तर किडे पडायचे, फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट. रविवारी एकदम दहा अध्याय वाचून आठवडा काढणाऱ्यांनी हे जरूर वाचा, रोज थोडंच वाचा पण रोज वाचा.

एक लक्षात ठेवा, पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल हे नव्हे. निराधार बायकामुलांसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा प्रार्थनेच्या भरवशावर चालवत त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून वेगळं भाषांतर केलं, 1922 ला त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला आलं. मिळालं तर तेही घ्या.

भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, कॉलेजच्या पोरांना सुरुवातीला जड जाईल, त्यांच्याबरोबर बसून वाचा. आईवडिलांना भेट द्यायचं असेल तर लहान टायप घेऊ नका, थोडे पैसे जास्त गेले तरी हेच घ्या. माझ्याकडून 5 पैकी 5.