जुनी डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही: एका पावसाळ्यानंतर, फक्त इलेक्ट्रिकबद्दल

२०१७ ची डिझेल गाडी, चार मीटरच्या आतली. पुण्याहून पहिल्या मालकाकडून घेतली आणि उन्हाळ्यापासून रत्नागिरीत वापरतोय. अख्खा पावसाळा काढला. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या तक्रारी कुठल्या एका कंपनीच्या नाहीत. या वर्गातली सात-आठ वर्षं जुनी कुठलीही गाडी घ्या, यातल्या निम्म्या तरी निघतील. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठणठणीत आहे, भरल्या गाडीने आंबा घाट चढतानाही दमत नाही. त्रास दिला तो इलेक्ट्रिकने, म्हणून बाकीचं सोडून त्याबद्दलच लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या गाडीत 'इलेक्ट्रॉनिक्स गेलं' असं ज्याला म्हणतात, त्यात मॉड्यूल (एबीएस, स्टीअरिंग वगैरे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) खरंच जळालेलं क्वचित असतं. बहुतेक वेळा दोष निघतो तो अर्थमध्ये (म्हणजे अर्थिंग, इंजिन आणि बॉडीकडून बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परत नेणारी जोडणी), पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लग), नाहीतर गाडी शोरूममधून निघाल्यावर कुणीतरी सोलून टेप मारलेल्या वायरमध्ये. माझ्या गाडीत हे तिन्ही निघालं.

सुरुवात सेल्फपासून. सकाळी सेल्फ मारला की जड फिरायचा, मीटरचे काटे थरथरायचे, आणि गाडी चालू झाल्यावरही एबीएसचा आणि पॉवर स्टीअरिंगचा दिवा थोडा वेळ पेटून राहायचा. गाडीबरोबर आलेल्या फाइलमध्ये आधीची बिलं होती: नवीन बॅटरी, त्यानंतर वर्षभरातच अल्टरनेटरचं काम. म्हणजे तक्रार जुनीच होती, आणि प्रत्येक वेळी एक मोठा पार्ट बदलून मालकाला परत पाठवलं होतं.

बॅटरी तपासली तर ती चांगली होती. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे बसल्यात जमा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर भरतोय. (ज्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो त्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर आकडा मुद्दाम १३ च्या आसपास किंवा त्याखालीही ठेवला जातो. अशा गाडीत तेवढ्यावरून अल्टरनेटर बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.) माझे दोन्ही आकडे बरोबर आले. मग सेल्फ जड का?

आमच्या इथल्या वायरिंगवाल्या काकांनी स्कॅनर (गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बाजूलाच ठेवला आणि साधा मल्टिमीटर काढला. डीसी व्होल्टवर लावून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ." अर्थ चांगली असेल तर त्या क्षणी फार तर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसतं. इथे आकडा एकच्या वर गेला. बॅटरीचा एक पूर्ण व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होता.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना दोनशे अँपिअर सहज ओढतो. एवढ्या करंटला वाटेत फक्त ५ मिलिओहमचा अडथळा आला तरी एक व्होल्ट पडतो. आणि ५ मिलिओहम साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाहीत. वायरीची दोन टोकं धरून 'बीप' वाजवून पाहिलं तर बीप वाजते आणि वायर चांगली आहे असं वाटतं. म्हणून अर्थ तपासायची ती लोड असतानाच. व्होल्टेज असं खाली गेलं की एबीएस आणि स्टीअरिंगचे मॉड्यूल तक्रार करतात, कारण त्यांना पुरेसं व्होल्टेजच मिळत नाही. त्यांचे दिवे पेटले म्हणजे ते बिघडले असं नाही.

दोष गिअरबॉक्सपासून चासीला जाणाऱ्या विणलेल्या पट्टीत होता. तिच्यावर काळी नळी चढवलेली, वरून एकदम नवी दिसत होती. नळी मागे सरकवल्यावर लगपाशी (टोकाचं, बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) हिरवट भुगा बाहेर आला, आणि जिथे लग दाबलेला असतो तिथल्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. नवीन पट्टी काही शे रुपयांची. बोल्टखालचा रंग खरवडून धातू चकचकीत केला, पट्टी घट्ट आवळली आणि वरून ग्रीस लावलं, म्हणजे खारी हवा लागणार नाही. सेल्फ त्याच दिवशी हलका झाला. ही गाडी पुण्याची, तिथे समुद्र नाही, तरी ही अवस्था. किनाऱ्यावर वाढलेली गाडी घेणार असाल तर ही चाचणी गाडी बघायला जाल तेव्हाच करा. मालक हो म्हणत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी तक्रार: गाडी तीन-चार दिवस अंगणात उभी राहिली की बॅटरी बसायची. जम्पर केबल लावून चालू करायची, दिवसभर काही नाही, परत सुट्टीत उभी राहिली की तेच. उभ्या गाडीचा खर्च मोजायचा असेल तर निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावायचा. बोनेट उघडं, दाराची कुंडी स्क्रूड्रायव्हरने 'बंद' करून ठेवायची, किल्ली गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास महत्त्वाचा. लॉक केल्यावर मॉड्यूल एकेक करून झोपतात, त्याआधीचा आकडा फसवतो. आणि मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत खाते, ते चालतं. माझी ०.३ अँपिअरच्या आसपास खात होती. हिशेब करा: दिवसाला ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) वर, चार दिवसांत जवळजवळ २९, म्हणजे ६० एएचची बॅटरी निम्मी रिकामी. ती आधीच थोडी उतरलेली असेल तर गेलीच. कुठल्या फ्यूजमधून जातंय ते शोधायला फ्यूज उपटत बसू नका, उपटले की मॉड्यूल परत जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मिलिव्होल्ट मोजायचे. ज्यावर आकडा येतो त्यातून करंट वाहतोय. आमच्याकडे तो ऑडिओचा फ्यूज निघाला.

ऑडिओची स्क्रीन कंपनीची नव्हती, बाहेरच्या दुकानात बसवून घेतलेली होती. मागे हात घातला तर पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून एका टेपखाली, टेपचा गोंद उन्हाने वितळून हाताला चिकटणारा. बाहेरच्या स्टिरिओत पिवळी म्हणजे कायम चालू आणि लाल म्हणजे किल्लीबरोबर चालू-बंद. त्या एकत्र केल्यामुळे स्क्रीनला गाडी बंद झाल्याचं कधी कळतच नव्हतं. असं का करतात त्यालाही कारण आहे: हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या कपलरमध्ये किल्लीवरची वायरच नसते, तो निरोप कॅन वायरवरून (मॉड्यूल एकमेकांशी जिच्यावरून बोलतात ती वायरींची जोडी) येतो. त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, तो वाचवायला ही पिळापिळी. लाल वायर सोडवून, किल्लीबरोबर बंद होणाऱ्या चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवरून वेगळा फ्यूज लावून घेतली. खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत आला. जुनी गाडी घेताना डॅशकॅम, ट्रॅकर, फूटवेलमधले रंगीत दिवे असं काही दिसलं तर ते कुठून जोडलंय हे आधी विचारा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. रात्री महामार्गावर मीटरची लाइट अचानक गेली. उतरून पाहिलं तर मागचे दिवेही बंद, हेडलाइट मात्र चालू. पाऊस, मागून ट्रेलर, आणि आपली गाडी मागच्याला दिसत नाही. पार्किंग लाइटचा फ्यूज उडाला होता. नवीन घातला, चालला, आणि डिकी जोरात लावल्यावर परत उडाला. त्यावरून जागा कळली. डिकीच्या बिजागरीजवळ जी रबरी घडीची नळी असते, तिच्यातून नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेचा डिफॉगर आणि कॅमेऱ्याच्या वायरी जातात. डिकी उघडली की त्या प्रत्येक वेळी त्याच जागी वाकतात. रबर सरकवलं तर तीन वायरींचं आवरण चिरलेलं, आतलं तांबं उघडं आणि बॉडीला घासून काळं पडलेलं. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बॉडीला लागली की तिच्याबरोबर एकाच फ्यूजवरचे बाकीचे दिवेही जायचे.

दुरुस्ती करताना एक अट घाला: जोड रबराच्या आत नको. वाकणाऱ्या जागेत सोल्डर केलेली वायर काही महिन्यांत जोडाच्या कडेला तुटते. बारीक तारांची मऊ वायर घेऊन लांब तुकडा आख्ख्या रबरातून न्यायचा आणि जोड दोन्हीकडे सरळ भागात, एकमेकांपासून थोडे पुढे-मागे करून घ्यायचे, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). ड्रायव्हरच्या दाराचंही हेच. काच वर-खाली कधी होते कधी नाही, सेंट्रल लॉक दार अर्धं उघडल्यावरच चालतं, असं असेल तर मोटर बदलायच्या आधी दाराचं रबर बघा.

पाण्याचं थोडक्यात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमची गाडी आंब्याखाली उभी असते. वायपरखालच्या जाळीत पानं कुजून पाण्याची वाट बंद झाली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. डावीकडचं कार्पेट ओलं झालं, काचा आतून धुरकट. पाऊस थांबल्यावर भिजणं थांबलं तर वाट तीच. फक्त एसी लावल्यावर भिजत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, आणि पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते हीटरचं कूलंट आहे. आमच्याकडे पायाजवळच्या पॅनेलमागचा एक कपलर हिरवा झाला होता, त्यामुळे डावे इंडिकेटर वेडेवाकडे चालत होते. कपलर क्लीनरने धुऊन, सुकवून, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. आता दर पंधरवड्याला जाळी साफ करतो.

हेडलाइटला आधीच्या मालकाने ९०/१०० वॅटचे बल्ब बसवले होते. मूळ एच४ बल्ब ५५/६० वॅटचा. शंभर वॅटला आठ अँपिअरच्या वर करंट लागतो, वायर आणि होल्डर त्यासाठी बनवलेलेच नाहीत. होल्डर तपकिरी होऊन ठिसूळ झाला होता, हात लावला तर तुकडा पडला. होल्डर बदलले, मूळ वॅटचे बल्ब लावले, काच पॉलिश करून घेतली. उजेड आधीपेक्षा चांगला पडतो.

स्कॅनरबद्दल लोक घाबरतात म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी स्कॅनर लावला तेव्हा कोडची रांग लागली होती: पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, आणि यू अक्षराने सुरू होणारे बरेच, म्हणजे एका मॉड्यूलला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. व्होल्टेज पडलं की असे कोड सगळीकडे साठतात. आधी बॅटरी चार्ज करा, अर्थ बघा, कोड पुसा, आठवडाभर चालवा, मग जे परत येतील तेवढेच खरे धरा. माझ्या गाडीत अर्थ बदलल्यावर एकच परत आला, त्याबद्दल शेवटी सांगतो. यू कोड तरीही जात नसतील तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायला सांगा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवेत, कारण कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय.

गाडी बघायला जाणाऱ्यांना कळकळीने एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. अशा पाण्यात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी वायरिंग आतून कुजत राहतं, आणि त्यावर अर्थ पट्टीसारखा सोपा इलाज नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, फ्यूज बॉक्सचं झाकण काढून पिना बघा. विम्याचे जुने क्लेम विचारा. यातलं काही खटकलं तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या.

छोट्या गोष्टी: पुश बटणवाली गाडी ब्रेक दाबूनही चालू होत नसेल तर मागचे ब्रेक लाइट पेटतात का ते बघा, पेटत नसतील तर बहुतेक ब्रेकचा स्विच गेलेला असतो. किल्लीचा सेल उतरला तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून चालू करता येते. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाडीला त्यासाठी बनवलेली ईएफबी किंवा एजीएम बॅटरीच लावा, साधी फार टिकत नाही. उंदरांसाठी गोळ्या आणि फवारे वापरून पाहिले, उपयोग शून्य. रात्री बोनेट उघडं ठेवून खाली दिवा लावल्यावर कमी झाले.

राहिलेलं काम एकच. हॉर्न स्टीअरिंग सरळ असताना वाजतो, वळवल्यावर वाजत नाही, आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला आहे. परत आलेला कोड हाच. स्टीअरिंगमागची स्पायरल केबल, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगचा करंट फिरत्या स्टीअरिंगपर्यंत नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलीय. पार्ट मागवला आहे. हे काम घरी करायचं नाही: बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबावं लागतं, आणि पिवळ्या कपलरच्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नसतो, एअरबॅग उडू शकते. दिवा पेटलेला असताना अपघातात ती उघडेलच याची खात्री नाही, म्हणून केबल बदलेपर्यंत गाडी गावातल्या गावातच चालवतोय, आणि कोल्हापूरला जायचं असेल तेव्हा एसटीने जातोय.