"गन कशाला, नुसता सिलिंडर पाठव" म्हणणाऱ्यापासून सावध

टेक्सासमधल्या आपल्या रेंजवाल्या मंडळींसाठी लिहितोय, खास करून जे रिव्हॉल्व्हरच्या मॅचेस खेळतात. विषय मून क्लिपचा, आणि त्यापायी माझी झालेल्या फसवणुकीचा. पातळ स्टीलच्या चकतीत सगळी काडतुसं अडकवलेली, एकदम आत एकदम बाहेर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीने पिस्तुलाची .४५ काडतुसं १९१७ मॉडेलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालावीत म्हणून तीन-तीनची हाफ मून क्लिप वापरली, आणि १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक या नेमबाजाने सहा गोळ्या, रीलोड, परत सहा असं २.९९ सेकंदांत केलं तेही मून क्लिपवरच. ते बघितलं की कोणालाही खाज सुटतेच.

माझी ६८६, स्मिथ अँड वेसनची .३५७ रिव्हॉल्व्हर. तिला क्लिप बसवायची तर सिलिंडर (काडतुसं ठेवायचा फिरता भाग) मागून कापून घ्यावा लागतो. मॅचमध्ये भेटलेला एक जण म्हणाला की मी कापून देतो, गन कशाला देतोस, नुसता सिलिंडर पाठव. ग्यानबाची मेख इथेच आहे. इकडे फेडरल कायद्याने फ्रेम (गनचा मुख्य सांगाडा) म्हणजे गन, सिलिंडर हा नुसता पार्ट, साध्या पोस्टाने जातो. लायसनवाल्या गनस्मिथकडे (गन दुरुस्त करणाऱ्याकडे) गन ठेवली की त्याला रजिस्टरला नोंद करावी लागते, सिलिंडरची नोंद कुठेच नाही. (भारतात उलटं, आर्म्स अॅक्टमध्ये पार्टसुद्धा शस्त्रातच धरतात.) मी पाठवला. पैसे सगळे अॅडव्हान्स, तेही झेलने (Zelle, बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात).

मग काय, आधी मशीन बिघडलं, मग सासू आजारी, मग फोनच उचलेना. शेवटी एकदाचं पार्सल आलं आणि आतला सिलिंडर माझा नव्हताच! माझ्यावर एका खाचेशेजारी आडवा ओरखडा होता, हा गुळगुळीत. एक्स्ट्रॅक्टरचा स्टार (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणीसारखी चकती) बोटाने हलत होता, खरं तर तो त्या-त्या सिलिंडरलाच जुळवलेला असतो. गनमध्ये बसवून हळू फिरवला तर दोन चेंबरवर (काडतुसाच्या भोकांवर) लॉकच होईना, म्हणजे चेंबर बॅरलसमोर नीट येत नाही, असली गन चालवायची म्हणजे हात गमवायचे धंदे. वर कापलंय इतकं खोल की डमी काडतूस क्लिपशिवाय टाकलं तर रिमला (काडतुसाच्या मागच्या कडेला) टेकायला जागाच नाही, पार आत बसतं. नीट काम झालेलं असेल तर क्लिप लावा नाहीतर सुटी टाका, दोन्ही चालतं.

बँकेने हात वर केले, पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणे. क्रेडिट कार्ड असतं तर निदान डिस्प्यूट तरी टाकता येतो, त्यामुळे झेल मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आणि गनस्मिथकडे लायसनची कॉपी मागून एटीएफच्या (बंदुकांचं लायसन देणाऱ्या फेडरल खात्याच्या) साइटवर ईझी चेकमध्ये लायसन नंबरचे पहिले तीन नि शेवटचे पाच आकडे टाकून बघा, नाव पत्ता लगेच येतो.

मी जस्टिस कोर्टात (टेक्सासमधलं छोट्या दाव्यांचं कोर्ट) दावा टाकलाय, वीस हजार डॉलरपर्यंतचं तिथे चालतं, वकील लागत नाही. तो आता म्हणतोय सिलिंडर तुझाच आहे. ओरखड्याचा जुना फोटो सापडला, तो जोडून दिलाय.