स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 चं रिमॅप: पावसाळा ते उन्हाळा वापरून, डायनोच्या कागदासकट

रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला 'मॅप', म्हणजे सेटिंग्ज, बदलणं) केलं म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, "किती पीएस झाले?" माझ्याकडे डायनोवरच्या (गाडीची ताकद मोजणारं रोलरचं मशीन) एकाच पुलची, म्हणजे पूर्ण ताकदीने केलेल्या एका चाचणीची, तीन उत्तरं आहेत: 246, 263 आणि 309. तिन्ही पीएसमध्ये (ताकदीचं एकक, साधारण हॉर्सपॉवरइतकंच), तिन्ही त्याच कागदावर.

246 ही चाकांनी रोलरवर प्रत्यक्ष दिलेली ताकद. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, हवा विरळ. म्हणून डायनोच्या सॉफ्टवेअरने एसएई करेक्शनचा (हवेच्या फरकासाठीची ठरलेली दुरुस्ती) 1.07 हा गुणक लावला, झाले 263. मग गिअरबॉक्स आणि टायरमध्ये 15 टक्के जातात असं धरून इंजिनची ताकद काढली: 309. वर्कशॉपने ठळक छापला तो अर्थातच हा.

आता हाच हिशेब मूळ गाडीला लावा. रिमॅपच्या आधी, त्याच सकाळी, त्याच रोलरवर चाकांवर 198 आले होते. करेक्शन आणि 15 टक्के धरले की होतात 249. कंपनी स्वतः 230 सांगते!

गडबड दोन ठिकाणी आहे. करेक्शनचं हे गणित बिनटर्बोच्या इंजिनाला शोभतं. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरलेला बूस्ट (त्या हवेचा दाब) गाठायला टर्बो जास्त फिरवतो, विरळ हवेची बरीचशी भरपाई तिथेच होते. वर पुन्हा सात टक्के दिले की भरपाई दोनदा. दुसरं म्हणजे 15 टक्क्यांचा ठोकताळा. त्याप्रमाणे वाया जाणारी ताकद 37 वरून 46 पीएसवर गेली. गिअरबॉक्स तोच, टायर तेच, हवा तीच. लोड वाढल्यावर घर्षण थोडं वाढतं हे मान्य, पण एवढं मला पटत नाही.

म्हणून मी धरतो तो फरक: चाकांवर 198 चे 246. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या मशीनवरच्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आधीचा पुल न घेता फक्त नंतरचा कागद हातात देणाऱ्याकडून काहीच सिद्ध होत नाही.

रोजच्या वापरात तर हा शिखराचा आकडा भेटतच नाही. तो 5800 आरपीएमला आहे आणि कर्वे रोडवर तिथे कोण जाणार? कामाचा आहे तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, आलेख. पहिल्या मॅपमध्ये तो 2500 ला भिंतीसारखा उभा राहायचा. कागदावर देखणा, पण ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर पुढची चाकं नुसती फिरायची. शिवाय हिच्या सहा गिअरच्या डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कंपनीने सांगितलेली टॉर्क पेलायची क्षमताच 350 एनएम (टॉर्कचं एकक), म्हणजे मूळ इंजिनाचा टॉर्क जितका तितकीच. मी 3000 च्या खालचा टॉर्क कमी करून घेतला. शिखर तेच राहिलं, गाडी मात्र शहाणी झाली. वरंध घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधून निघताना आता पाय हलका ठेवावा लागत नाही.

कागदावर आणखी एक गोष्ट बघा: लागोपाठचे पुल. माझे 246, 239, 231 असे उतरत गेले. आत जाणारी हवा 41 अंशांवरून 58 वर गेली आणि ईसीयूने टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतलं, म्हणजे ताकद कमी केली. डायनोचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही, त्यामुळे हे थोडं अतिरंजित आहे, पण एप्रिलमध्ये चांदणी चौकाच्या कोंडीतून बाहेर पडल्यावर गाडी अशीच मंदावते. पैसे खर्चायचेच असतील तर स्टेज 2 च्या (ट्यूनिंगची पुढची पायरी) आधी मोठा इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा भाग).

पेट्रोल 95 ऑक्टेनचंच, मॅपही त्यावरच बनवलाय. मायलेज शांत चालवताना पहिल्यासारखंच.

वॉरंटी संपलेली असेल, क्लच आणि गिअरबॉक्स ऑइलचा खर्च मनात धरला असेल तर घ्या. वर्कशॉप निवडताना मात्र करेक्शनशिवायची कच्ची फाइल मागा, सोबत लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), बूस्ट आणि इनटेकचं (आत जाणाऱ्या हवेचं) तापमान. द्यायला खळखळ केली तर दुसरं दार बघा.