रोबो गाडीचं किट: गाडी ठीक, बॅटरीला शून्य तारे

किटमध्ये काय काय येतं ते लिहीत बसत नाही. अर्डुइनो उनोचा क्लोन (प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड), एल२९८एन (मोटरींना वीज सोडणारा ड्रायव्हर), चाकांच्या दोन पिवळ्या बीओ मोटरी, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, छोटा सर्वो (हव्या त्या कोनात वळणारी मोटर), फोनवरून गाडी चालवायला ब्लूटूथ. सगळीकडे हेच असतं आणि किंमत पन्नास-शंभर रुपये इकडेतिकडे. मला चौदाशेला पडलं. बँकेतून निवृत्त झालो, हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून घेतलं; इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. बोलायचंय ते सोबत आलेल्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीबद्दल.

मल्टिमीटरमध्ये हीच बॅटरी वर्षभर चालते, कारण त्याला करंट जेमतेम लागतो. आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात. व्होल्टेज भरपूर, दम काहीच नाही. उलट बीओ मोटर जागची हलतानाच अर्ध्या अँपिअरच्या वर मागते, आणि इथे मोटरी दोन. त्यामुळे गाडी उचकी लागल्यासारखी चालायची: इंचभर पुढे, थांब, पुन्हा इंचभर. दर वेळी बोर्डावरचा ‘एल’ लिहिलेला दिवा लुकलुकायचा, म्हणजे बोर्ड रिसेट होऊन प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू.

विक्रेत्याला फोन केला. ‘सर, कोड चुकला असेल.’ कोड त्यांनीच पाठवलेला. ‘मग ड्रायव्हर गेला असेल, तो वॉरंटीत येत नाही.’ मी व्हिडिओ पाठवले, बिल पाठवलं, आवाज चढवला. शेवटी ‘तुमच्यासाठी स्पेशल केस’ म्हणून पार्सल आलं. उघडलं तर आत तीच नऊ व्होल्टची बॅटरी, नवी कोरी!

मग मल्टिमीटर लावून बसलो. मोटर बंद असताना नऊच्या वर आकडा. मोटर सुरू केली की धाडकन सहाच्याही खाली. त्यात एल२९८एन जुन्या पद्धतीचा, दोनेक व्होल्ट स्वतःच खातो आणि त्याची उष्णता करून टाकतो. मोटरीच्या वाट्याला काय उरणार, आणि बोर्डाच्या वाट्याला काय?

पुण्यात बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने बॅटरी बघितली आणि हसला. ‘काका, ही मोटरला नाही चालत. दोन १८६५० घ्या, होल्डर घ्या.’ १८६५० म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे गोल सेल. सेल, होल्डर, चार्जर मिळून तीनशेच्या आसपास गेले. म्हणजे चौदाशेचं किट सतराशेला, वर रिक्षाचं भाडं. पण गाडी पहिल्या झटक्यात हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला. दोन सेल एकापुढे एक जोडले की ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४, ड्रायव्हरने आपला वाटा खाल्ला तरी मोटरींना पुरतं. सेल घेताना वेष्टनावर ९९०० एमएएच (सेलची साठवण) लिहिलेले स्वस्तातले घेऊ नका. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो, बाकी सगळी छपाई. होल्डरची उलटसुलट बाजू मात्र दोनदा बघा, चुकली तर ड्रायव्हर खरोखरच जाईल.

आधी मी या किटला दोन तारे दिले होते आणि एल२९८एनच्या नावाने बरंच काही लिहिलं होतं. ते आता मवाळ करतो. टीबी६६१२ हा दुसरा ड्रायव्हर व्होल्टेज कमी खातो हे खरं, पण नवशिक्याला एल२९८एनचे स्क्रूवाले टर्मिनल सोयीचे. वायर खोचा, स्क्रू आवळा, झालं. बॅटरी सुधारल्यावर त्याच्याबद्दल तक्रार उरली नाही.

सगळ्यात मजा दिली त्या दोन डोळ्यांच्या सेन्सरने. आवाज पाठवतो, परत यायला लागलेला वेळ मोजतो, त्यावरून अंतर. पट्टी ठेवून तपासलं: भिंत ३० सेंटिमीटरवर, स्क्रीनवर कधी ३०, कधी ३१. एवढ्याशा वस्तूने हे करावं! संध्याकाळभर हात पुढे-मागे करत आकडे बघत बसलो, चहा गार झाला. आता गाडी स्टीलच्या डब्यापुढे शहाण्यासारखी थांबते आणि सोफ्यावर मात्र बिनदिक्कत आपटते, कारण मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. तिरक्या भिंतीचंही तेच, आवाज भलतीकडे निघून जातो.

बाकी किरकोळ. ॲक्रिलिकवरचा तपकिरी कागद सोलून काढायचा असतो, तो त्याचा रंग नव्हे. जाहिरातीत ‘सोल्डरिंग नको’ म्हटलंय, पण मोटरींना वायरी जोडलेल्या नव्हत्या; शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून डाग देऊन घेतले. सर्वो लावल्यावर एक चाक हट्ट धरून बसलं, कारण सर्वोची लायब्ररी (तयार कोड) बोर्डाच्या ९ आणि १० या पिनांवरचा वेग-नियंत्रणाचा सिग्नल बंद करते आणि किटच्या चित्रात ड्रायव्हर नेमका १० वर. ५ आणि ६ वर हलवा, कोडमध्येही बदला. ब्लूटूथच्या वायरी ० आणि १ वर असतील तर प्रोग्रॅम चढवताना काढून ठेवा, नाहीतर अपलोड होत नाही.

तीन तारे. घरात फक्त आयफोन असेल तर घेऊ नका, सोबतचं एचसी-०५ ब्लूटूथ त्याच्याशी जोडलं जात नाही. मी मुलाचा जुना अँड्रॉइड वापरतो.