आतड्याच्या दाहावर नवं टार्गेट शोधायचंय: उंदरापासून निघावं की पेशंटपासून?

पीएचडीचा विषय ठरवताना किंवा पहिला स्वतंत्र प्रकल्प लिहिताना हा प्रश्न येतोच. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या दोन आजारांमधला फरक, टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचं काम वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबला परवानगी मिळाली. त्यानंतर बरीच औषधं आली, तरी एकही औषध नीट लागू न पडलेले पेशंट आजही ओपीडीत बसलेले असतात. त्यांच्यासाठी नवं टार्गेट, म्हणजे औषधाने नेमकं कशावर काम करायचं ते, शोधायचं तर सुरुवात कुठून करायची, एवढंच इथे पाहू. मी दोन्ही वाटांवर काही वर्षं काढली आहेत.

उंदराची वाट सोपी वाटते आणि सुरुवातीला ती खरंच सोपी असते. पिण्याच्या पाण्यात दोन-अडीच टक्के डीएसएस हे रसायन घाला, आठवडाभर द्या, मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा होतात. महिन्याभरात हातात आलेख असतो. शिवाय एखादं जनुक काढून टाकलं तर अख्ख्या प्राण्यात काय होतं, हे पेशंटच्या ऊतीत कधीच पाहता येत नाही. आयएल-१० हे दाह शांत ठेवणारं प्रथिन नसलेल्या उंदरांना आपोआप कोलायटिस होतो हे १९९३ सालीच दिसलं होतं. याच आयएल-१०चा संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरमधला दोष तान्ह्या बाळांच्या गंभीर आजारामागे असतो, हे २००९ साली कळलं. म्हणजे उंदराने सोळा वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. मात्र आयएल-१० औषध म्हणून क्रोन्सच्या पेशंटना दिलं, तेव्हा म्हणावा तसा फायदा झाला नाही.

मला बेजार केलं ते डीएसएसच्या लॉटने, म्हणजे कारखान्यातून निघणाऱ्या एकेका खेपेने. पहिल्या बाटलीवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. रोज सकाळी आठला वजनकाटा घेऊन बसायचो. पाचव्या दिवशी वजन उतरायला लागायचं, आम्ही औषध म्हणून तपासत असलेला रेणू दिलेल्या पिंजऱ्यात ते कमी उतरायचं. सगळे खूश. मग ती बाटली संपली. नवी आली ती त्याच कंपनीची, त्याच कॅटलॉग नंबरची, टक्केवारीही तीच ठेवली. सहाव्या दिवशी दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर मजेत पळत होते, लेंड्या कडक. कंट्रोलच आजारी पडत नसेल तर तुलना कशाशी करायची? म्हणून तीन टक्क्यांवर गेलो. आठव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर दोन उंदीर कोपऱ्यात थंड पडलेले, बाकीचे अंगावरचे केस फुगवून कुबड काढून बसलेले. तिसऱ्या लॉटला पुन्हा पहिल्यापासून मात्रा ठरवली. पहिल्या बाटलीत दिसलेला फरक त्यानंतर तसा कधीच दिसला नाही. रेणू चांगला होता की ती बाटली, हे मला दीड वर्षानंतरही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

यावर जाणकार सांगतील की सुरुवातीलाच एकाच लॉटचा मोठा साठा घ्या, आधी मात्रा ठरवा, एकाच वेतातली पिल्लं वापरा. बरोबर आहे, उंदीर निवडलात तर हे नक्की करा. पुढे आम्हीही केलं. पण ज्या दाहाची तीव्रता बाटलीवर ठरते, जो टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरातही होतो आणि साधं पाणी दिलं की बहुतेक वेळा आपला आपण ओसरतो, त्यावर वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या आजाराचं टार्गेट बेतायचं, हे माझ्या मनाला पटेना.

पेशंटकडून निघण्याचे दोन रस्ते आहेत, जनुकं आणि ऊती. जनुकांचा हिशेब मला जास्त भरवशाचा वाटतो. २००६ साली आयएल-२३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरमधला एक दुर्मीळ बदल सापडला, जो असेल तर आजाराचा धोका कमी होतो. म्हणजे हा मार्ग थोडा मंदावला तर काय होतं, याची चाचणी निसर्गानेच करून ठेवली होती. रिसांकिझुमॅब, मिरिकिझुमॅब, गुसेल्कुमॅब ही औषधं याच आयएल-२३ला अडवतात. आयएल-१७ हे दुसरं दाहक प्रथिन अडवणंही तेव्हा तितकंच शहाणपणाचं वाटत होतं. प्रत्यक्षात ते अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या ५९ क्रोन्स पेशंटवरच्या चाचणीत (२०१२) फायदा झाला नाही, उलट त्रास वाढल्याचं दिसलं. उंदराच्या बाजूने हेही सांगायला हवं की आयएल-१७ अडवलं तर डीएसएसचा दाह वाढतो, असं २००४ सालीच छापून आलं होतं. इतर मॉडेलं वेगळं सांगत होती. कोणत्या उंदराचं ऐकायचं, हे आधी कळत नाही.

या वाटेला वेळ लागतो. टीएल१ए या आणखी एका दाहक प्रथिनाच्या जनुकाचा आजाराशी संबंध २००५ साली जपानी पेशंटमध्ये सापडला. ते प्रथिन अडवणाऱ्या तुलिसोकिबार्ट या औषधाचे अल्सरेटिव्ह कोलायटिसमधले आकडे २०२४ साली आले: बारा आठवड्यांनी २६ टक्के पेशंट रेमिशनमध्ये (म्हणजे आजार शांत), प्लासिबोवर १ टक्का. शिवाय जनुकीय सर्वेक्षणातून पत्ता मिळतो तो गल्लीचा, घर आपल्याला शोधावं लागतं. २१व्या गुणसूत्रावरच्या एका ओसाड, जनुकं नसलेल्या भागाचं घर, ईटीएस२ हे जनुक, लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०२४ साली दाखवलं. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना दाहाकडे ढकलणारा तो मुख्य खटका निघाला. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नॉड२ या जनुकातले युरोपात गाजलेले तीन बदल भारतीय पेशंटमध्ये क्वचितच सापडतात. आयती यादी घेऊन बसलात तर हिरमोड होईल.

ऊतींचं काम दगदगीचं आहे. संध्याकाळी फोन येतो, तांदळाच्या दाण्याएवढे चार तुकडे बर्फात येतात आणि रात्री उशिरापर्यंत पेशी सुट्या करत बसावं लागतं. क्रोन्सचे नमुने घ्यायचे तर आतड्याचा टीबी नाही याची खात्री हवी. अनेकांनी आधी महिनोन्‌महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेतलेली असते. म्हणून मी अल्सरेटिव्ह कोलायटिस घेतला. संमतीपत्र वाचून दाखवताना एका मावशींनी विचारलं, "ह्याने माझं रक्त जायचं थांबेल का?" नाही म्हणालो. तरी त्यांनी सही केली.

सिंगल-सेल, म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते मोजणं, महाग आहे, पण सगळं स्वतः करायची गरज नाही. २०१९चा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा एक संच, १८ पेशंट, १२ निरोगी माणसं आणि साडेतीन लाखांहून अधिक पेशी, अभ्यासासाठी खुला आहे. एक पैसा खर्च न करता तिथे सुरुवात होते.

तुमचा प्रश्न जखम कशी भरते हा असेल, किंवा आतड्यातल्या जिवाणूंचा असेल, तर उंदीरच घ्या. फेलोशिप दोनच वर्षांची असेल तरीही कदाचित तेच सोयीचं पडेल. बाकी कुणी मला विचारलं तर मी पेशंटकडून निघायला सांगतो आणि टार्गेट हाती आल्यावर तपासणीपुरते उंदीर आणायला. मी स्वतः आता तसंच करतो. ठरवण्याआधी एक आठवडा प्राणीगृहात वजनं घ्या आणि दोन सकाळी एंडोस्कोपीच्या बाहेरच्या बाकावर बसा. दोन्हीकडे परवानगी लागते, अर्ज आजच करा.